ट्रीटमेंट संपली, रिपोर्ट नॉर्मल आलेत, तरी बायकोला बरं का वाटत नाहीये?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की मिसेसचं वय ४४, ब्रेस्ट कॅन्सर, ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी (लिम्फ नोड) काढल्या, मग आठ किमो, मग रेडिएशन, आणि शेवटचं रेडिएशन होऊन आता पाच महिने झालेत. टॅमॉक्सिफेनची, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून देतात ती हॉर्मोन अडवणारी गोळी रोज चालू आहे. रिपोर्ट सगळे चांगले. पण त्या सारख्या दमतात, बोलता बोलता शब्द आठवत नाहीत, बोटांना मुंग्या येतात, रात्री दोनला उठून बसतात आणि कुठेही दुखलं की "परत आला असेल" म्हणून रडतात. ट्रीटमेंट चालू होती तेव्हा एकदाही रडल्या नव्हत्या. आणि तुम्ही विचारताय की हे नॉर्मल आहे का आमचंच काहीतरी चुकतंय.

चुकत काही नाहीये. मी वीसेक वर्षं कॅन्सरचे पेशंट बघतोय आणि त्यातली पहिली आठ-दहा वर्षं मी स्वतः फॉलोअपला आलेल्या पेशंटला काय म्हणायचो तर "सगळं मस्त आहे, तीन महिन्यांनी या". दोन मिनिटांत पेशंट बाहेर. रिपोर्ट बघायचो, माणसाकडे बघायचोच नाही म्हणा ना. एकदा एक बाई दारापर्यंत जाऊन परत आल्या आणि म्हणाल्या, डॉक्टर रिपोर्ट मस्त आहे हो, पण मला ब्लाउजची हुकं लावता येत नाहीत. बोटं इतकी बधिर झाली होती. चार व्हिजिट त्यांनी ते सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं आणि त्यांना वाटलं की जीव वाचलाय, आता असल्या तक्रारी कशाला करायच्या. तेव्हापासून मी आधी हातपाय, झोप, मूड विचारतो आणि मग फाईल उघडतो.

आता आधी ते रडण्याचं. ट्रीटमेंट चालू असताना माणूस पुढच्या तारखेवर जगत असतो, पुढची किमो कधी, ब्लड काउंट किती, उलटी थांबली का. विचार करायला वेळच नसतो, आणि दर थोड्या दिवसांनी कोणीतरी डॉक्टर, सिस्टर तपासत असतात त्यामुळे एक प्रकारचा आधार असतो. शेवटच्या रेडिएशनच्या दिवशी तो सगळा आधार एकदम जातो. घरचे पेढे वाटायच्या मूडमध्ये आणि पेशंटला मात्र त्या दिवसापासून खरी भीती वाटायला लागते. त्यामुळे "आता तर सगळं संपलं, आता का रडतेस" हे वाक्य कृपा करून घरात कोणी बोलू नका. आधी रडायला सवड नव्हती, ती आता मिळाली आहे.

फिट्झह्यू मुलन नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते, त्यांना स्वतःलाच तरुणपणी कॅन्सर झाला होता. १९८५ साली त्यांनी एका मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की 'बरा झाला' आणि 'नाही झाला' असे दोनच कप्पे करणं चुकीचं आहे, मधे एक मोठा काळ असतो, ट्रीटमेंट संपलेली असते पण शरीर आणि मन दोन्ही अजून त्यातून बाहेर आलेलं नसतं. तुमच्या मिसेस आत्ता बरोब्बर तिथे आहेत.

मी पेशंटना नेहमी सांगतो की किमो-रेडिएशनच्या प्रत्येक त्रासाचं आपलं आपलं वेळापत्रक असतं. ट्रीटमेंट संपल्याची तारीख तुमच्या फाईलवर असते, शरीराला ती माहीत नसते. काही त्रास महिन्याभरात जातात, काही वर्षभर रेंगाळतात, काही ट्रीटमेंट संपल्यावर आधी वाढतात आणि मग कमी होतात, आणि काही तर काही वर्षांनी पहिल्यांदा दिसतात. हे कोणी सांगितलेलं नसतं म्हणून पाच महिन्यांनी मुंग्या आल्या की माणूस घाबरतो.

त्या मुंग्यांचंच घ्या. आठ किमो म्हणजे बहुतेक आधीच्या चार लाल औषधाच्या (डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिन) आणि नंतरच्या चार टॅक्सेन गटातल्या असणार, फाईलमध्ये बघा. टॅक्सेनने हातापायांच्या टोकाच्या नसांना मार बसतो. बऱ्याच जणांचं काही महिन्यांत हळूहळू सुधारतं, काहींचं थोडंफार कायम राहतं. ऑक्झॅलिप्लॅटिनसारखी (आतड्याच्या कॅन्सरमध्ये देतात ती) औषधं घेतलेल्यांचं तर अजून विचित्र असतं, किमो बंद झाल्यावर पुढचे दोन-तीन महिने मुंग्या वाढतात, आणि ते लोक मला येऊन म्हणतात की बंद केल्यावर कसं काय वाढलं. तसंच असतं ते. नुसता बधिरपणा असेल तर त्यावर खात्रीचं औषध नाही, उगाच महागड्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. पण जर आग होते, ठणकतं, तर ड्युलॉक्सेटीन म्हणून एक गोळी आहे जिचा उपयोग होतो असं चांगल्या अभ्यासात दिसलंय. मात्र ही गोळी टॅमॉक्सिफेनबरोबर थोडी विचार करून द्यावी लागते, म्हणजे डॉक्टरांना विचारूनच, स्वतःच्या मनाने नाही. आणि पाय बधिर असतील तर घरात अनवाणी फिरू नका, अंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने बघा, रात्री बाथरूमला जाताना लाईट लावा. ऐकायला साधं वाटतं पण पडून हाड मोडलेले पेशंट मी बघितलेत.

थकवा. ह्यावर जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. हा थकवा झोपून जात नाही. आपण दमलो की झोपतो आणि सकाळी फ्रेश होतो, ह्यात तसं होत नाही, दहा तास झोपूनही माणूस दमलेलाच उठतो. घरचे प्रेमाने म्हणतात तू पडून राहा, आम्ही करतो सगळं, आणि पडून राहिल्याने स्नायू अजून कमजोर होतात, मग जिना चढला तरी धाप, मग अजून पडून राहायचं, असं ते चक्र सुरू होतं. ह्या थकव्यावर आजपर्यंत सगळ्यात चांगला पुरावा कशाचा असेल तर व्यायामाचा आहे. साधारण अर्धा तास भराभर चालणं आठवड्यातून तीनदा आणि दोनदा हलक्या वजनांचे व्यायाम, एवढ्यानेही थकव्यात फरक पडतो. पण पहिल्या दिवशी अर्धा तास नाही हां. दहा मिनिटांपासून सुरुवात, आणि ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी सगळी तुंबलेली कामं उरकायची नाहीत, कारण मग पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. हे जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी करतो.

व्यायामाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशंटचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ८८९ लोक, सगळ्यांचं ऑपरेशन आणि किमो झालेली. अर्ध्यांना फक्त माहितीचं पुस्तक दिलं आणि अर्ध्यांना तीन वर्षं ट्रेनर देऊन व्यायाम करायला लावला. पाच वर्षांनी आजार परत न आलेले लोक व्यायामवाल्यांत ८० टक्के आणि दुसऱ्या गटात ७४ टक्के होते. एखाद्या नवीन औषधाने एवढा फरक दाखवला असता तर पेपरात पहिल्या पानावर आलं असतं. हा अभ्यास आतड्याच्या कॅन्सरचा आहे, ब्रेस्टला जसाच्या तसा लावू नका, पण व्यायाम म्हणजे काहीतरी वरवरचा सल्ला असतो हे डोक्यातून निघावं म्हणून सांगितलं.

पण व्यायाम सुरू करण्याआधी थकव्याला दुसरं कारण तर नाही ना हे एकदा तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर, आणि लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिन झालं असेल तर हृदयाचा इको, म्हणजे सोनोग्राफी. हे औषध हृदयाच्या स्नायूवर परिणाम करू शकतं, आणि तो परिणाम काही जणांत काही वर्षांनीही दिसतो. आयुष्यभरात एकूण किती डोस गेला ह्यावर तो धोका ठरतो, त्यामुळे तो आकडा तुमच्याकडे लिहिलेला हवा. डाव्या बाजूचं रेडिएशन किंवा ट्रॅस्टुझुमॅब (काही ब्रेस्ट कॅन्सरमध्ये देतात ते इंजेक्शन) झालं असेल तर अजून जास्त लक्ष ठेवायचं. बीपी, कोलेस्टेरॉल, शुगर कंट्रोलमध्ये ठेवणं हे आता त्यांच्या कॅन्सरच्या फॉलोअपचाच भाग समजा.

विसरभोळेपणा खरा आहे, त्या नाटक करत नाहीयेत आणि वेड्याही होत नाहीयेत. पेशंट लोक ह्याला किमो ब्रेन म्हणतात, पण काही पेशंटमध्ये किमोच्या आधीच असे बदल सापडलेत, म्हणजे किमो हे एकच कारण नाही, झोप न होणं, पाळी एकदम बंद होणं, टेन्शन, थकवा सगळं त्यात मिसळलेलं असतं. बहुतेकांचं हळूहळू सुधारतं. तोपर्यंत एक वही, मोबाईलवर अलार्म, एका वेळी एकच काम, आणि महत्त्वाची कामं ज्या वेळी डोकं चालतं त्या वेळी, बहुतेकांना ती सकाळची वेळ असते. त्या नोकरी करत असतील तर पहिल्या महिन्यात पूर्ण वेळ जाऊ नये, ऑफिसशी बोलून अर्धा दिवस किंवा आठवड्यातले तीन दिवस असं जमतं का बघा.

रात्री दोनला उठण्यामागे भीती आहेच पण हॉट फ्लश पण असू शकतात, तुम्ही लिहिलं नाही म्हणून त्यांना विचारा की अंगातून वाफा येऊन घाम फुटतो का. किमोने बऱ्याचदा पाळी बंद पडते आणि टॅमॉक्सिफेनने वाफा वाढतात. ह्यावर हॉर्मोनच्या गोळ्या ब्रेस्ट कॅन्सरनंतर सहसा देत नाहीत, पण व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेन्टिन असे पर्याय आहेत. इथे एक गोष्ट अधोरेखित करून ठेवा. डिप्रेशनच्या काही गोळ्या, विशेषतः पॅरोक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन, टॅमॉक्सिफेनला शरीरात कामाच्या रूपात बदलणाऱ्या एन्झाइमलाच अडवतात. म्हणून दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी टॅमॉक्सिफेन चालू आहे हे सगळ्यात आधी सांगायचं.

आणि ती गोळी स्वतःहून बंद करायची नाही. मला माहितीये की कंटाळा येतो, पाच वर्षं, काहींना दहा वर्षं, आणि रोज सकाळी ती गोळी आजाराची आठवण करून देते. एक पेशंट सहा महिने गोळी न घेताच माझ्याकडे फॉलोअपला येत होत्या आणि मी "गोळी चालू ना" विचारलं की हो म्हणायच्या. मी रागावेन म्हणून. त्रास होत असेल तर सांगा, त्यावर उपाय करता येतो, औषध बदलता येतं. पाळी गेलेल्या बायकांना जी दुसरी गोळी देतात, लेट्रोझोल वगैरे, त्यात सांधे खूप दुखू शकतात आणि हाडं ठिसूळ होऊ शकतात, ती घेणाऱ्यांनी हाडांची डेक्सा तपासणी करून घ्यावी.

हात. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर साधारण पाचातल्या एकीला कधी ना कधी हाताला सूज येते. फक्त एक-दोन गाठी तपासायला काढल्या असतील तर हे प्रमाण खूप कमी, पाच-सहा टक्के. बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत येते पण नंतरही येऊ शकते. अंगठी घट्ट होणं, बाही आवळणं, हात जड वाटणं, हे पहिलं लक्षण असतं, तेव्हाच फिजिओथेरपिस्टकडे गेलं तर स्लीव्ह (हातावर चढवायची घट्ट बाही) आणि मसाजने सूज आटोक्यात राहते, हात खांबासारखा झाल्यावर फार अवघड होतं. पूर्वी आम्हीच सांगायचो की त्या हाताने काही उचलू नका. ते चुकीचं निघालं. हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाच्या व्यायामाने सूज वाढत नाही हे २००९ मध्ये एका चांगल्या अभ्यासात दिसलं, तरी अजून कित्येक बायका दहा वर्षं तो हात छातीशी धरून फिरतात आणि खांदा आखडून बसतो. त्या हातावर सुई किंवा बीपी एकदा घेतलं म्हणून आभाळ कोसळत नाही, दुसरा हात मोकळा असेल तर तो द्या इतकंच. खरी काळजी जखम आणि इन्फेक्शनची. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर टाकायचं नाही.

आता भीती. "परत आला तर." ही भीती जवळपास सगळ्यांना असते आणि ती पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही, पण तिचा जोर कमी होतो. फॉलोअपच्या आधीचा आठवडा सगळ्यात वाईट असतो, त्या आठवड्यात घरात भांडणं होणार हे गृहीत धरा. भीतीला घाबरून बरेच लोक आम्हाला म्हणतात, डॉक्टर दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन करून टाकू या, पैशाची काळजी करू नका. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये त्रास काही नसताना असे स्कॅन आणि मार्कर (कॅन्सरसाठीच्या रक्ततपासण्या) करत बसण्याचा फायदा नाही. १९९४ साली इटलीतले दोन अभ्यास आले, मिळून अडीच हजारावर बायका, अर्ध्यांचे ठरवून नियमित एक्स-रे, बोन स्कॅन वगैरे केले आणि बाकीच्यांच्या मुख्यतः साध्या तपासण्या आणि मॅमोग्राफी. पाच वर्षांनी जगण्याच्या प्रमाणात काही फरक नव्हता. उलट स्कॅनमध्ये कुठेतरी चार मिलीमीटरचा ठिपका दिसतो, तो काहीच नसतो, पण त्यापायी तीन महिने झोप उडते. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांनी तपासणं, मग सहा-बारा महिन्यांनी, आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी, बस. आतड्याच्या कॅन्सरचं वेगळं आहे बरं का, तिथे सीईए नावाची रक्ततपासणी, सीटी स्कॅन आणि कोलोनोस्कोपीचा उपयोग आहे, त्यामुळे शेजारच्या काकांचं केलं म्हणून आमचं का नाही असं करू नका.

मी पेशंटना दोन आठवड्यांचा नियम देतो. काहीही नवीन दुखलं, खुपलं तर तारीख लिहून ठेवा. दोन आठवड्यांत गेलं तर तो विषय संपला. दोन आठवड्यांनंतरही आहे किंवा वाढतंय, तर फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. विशेषतः हाडातलं न थांबणारं दुखणं, रात्री जास्त होणारं, खोकला किंवा धाप, काखेत किंवा मानेत नवी गाठ, टाक्यांच्या जागी कडक गोळा, कारण नसताना वजन उतरणं. काही गोष्टींना मात्र दोन आठवडे पण नाहीत. एका पोटरीला अचानक सूज येऊन दुखणं किंवा अचानक दम लागणं, कारण टॅमॉक्सिफेनने रक्ताची गुठळी होऊ शकते. फिट येणं. पाळी पूर्ण गेल्यावर परत रक्तस्राव झाला तर तो पण लगेच कळवायचा.

तारीख लिहून ठेवण्याने अजून एक होतं, भीती डोक्यातून कागदावर जाते. खूप पेशंट सांगतात की लिहिल्यावर झोप लागली. पण दोन आठवड्यांहून जास्त रोजच उदास वाटतंय, कशातच मन लागत नाही, जगून काय करू असं तोंडातून येतं, तर ते नुसतं टेन्शन नाही, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ लागतात, आणि "जगून काय करू" ऐकलंत तर त्याच दिवशी. आणि ते "पॉझिटिव्ह राहा, नाहीतर परत येईल" बंद करा. टेन्शन घेतल्याने ब्रेस्ट कॅन्सर परत येतो असं सिद्ध झालेलं नाही. ह्या वाक्याने फक्त एक होतं, बाई रडतानासुद्धा घाबरते की मी रडले म्हणून परत येईल.

एक विषय तुम्ही विचारला नाहीत, नवरे विचारत नाहीतच. जवळीक. कोरडेपणामुळे दुखतं, इच्छा राहत नाही, छातीवरच्या व्रणाची लाज वाटते, आणि नवऱ्याला वाटतं तिला त्रास नको म्हणून तो लांब झोपतो, आणि तिला वाटतं मी आता आवडत नाही. दोघंही चूक. पाण्याचा बेस असलेलं जेल मेडिकलमध्ये मिळतं, मॉइश्चरायझर मिळतात, त्याने पुरेसं होत नसेल तर पुढचं डॉक्टरांशी बोला. आम्ही असले प्रश्न रोज ऐकतो, लाजायचं काही नाही.

आणि एक कागद मागून घ्या. डिस्चार्ज समरीचे पंधरा कागद नाहीत, एक पान. कुठला कॅन्सर, स्टेज, ऑपरेशन काय, किमोच्या औषधांची नावं आणि एकूण डोस, रेडिएशन कुठे आणि किती, आता कुठली गोळी कधीपर्यंत, आणि पुढे काय तपासायचं. दहा वर्षांनी कुठल्या तरी दुसऱ्याच ऑपरेशनला जाल तेव्हा भूलतज्ज्ञाला हे लागेल. उदाहरण सांगतो, ब्लिओमायसिन नावाचं किमोचं औषध झालेल्या माणसाला भूल देताना जास्त ऑक्सिजन देण्याबाबत जपावं लागतं, आणि ते औषध वीस वर्षांपूर्वी झालं असेल तर पेशंटला नावही आठवत नाही. मानेला रेडिएशन झालेल्यांची थायरॉईड काही वर्षांनी मंदावू शकते, ती दर सहा-बारा महिन्यांनी बघावी लागते, आणि जबड्याला रेडिएशन झालं असेल तर दात काढण्याआधी डेंटिस्टला सांगावंच लागतं नाहीतर हाड सडू शकतं. लहानपणी छातीला रेडिएशन झालेल्या मुलींची ब्रेस्टची तपासणी पंचविशीपासूनच सुरू करतात. हे सगळं त्या एका पानावर असतं. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, तुमच्या आणि त्यांच्या दोघांच्याही.

तुम्ही स्वतःबद्दल एकच ओळ लिहिलीत की "मी ठीक आहे". वर्षभर तुम्ही ऑफिस, हॉस्पिटल, घर सगळं बघितलंत, तुमचं बीपी शेवटचं कधी बघितलं ते आठवतंय का? पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर याल तेव्हा तुमचं पण तपासून घ्या. आणि तोपर्यंत संध्याकाळी दहा मिनिटं दोघं चालायला जा. चालताना आजाराचा विषय तुम्ही काढू नका, त्यांनी काढला तर ऐकून घ्या, लगेच काही उपाय सुचवायची गरज नाही.